टाकी आखावी ती तळापासून

रंगीत माशांच्या दुकानात गप्पी, मोली, टेट्रा अशी खरेदी झाली, की पिशवीच्या तोंडाला रबर लावता लावता दुकानदार हमखास विचारतो, ‘एखादा क्लीनर टाकू?’ हा क्लीनर म्हणजे कधी काळपट, खडबडीत अंगाचा, काचेला तोंड चिकटवून बसणारा सकर असतो. कधी तो मिशीवाला छोटा कोरीडोरस असतो, कधी गांडुळासारखा वळवळणारा कुली लोच, आणि अलीकडे लालभडक चेरी श्रिंपही याच यादीत आली आहे. ओळख मात्र सगळ्यांची एकच करून दिली जाते: वरच्या माशांचं उष्टं-खरकटं खातात, काच चाटतात, तळ साफ ठेवतात, वेगळं खाणं घालावं लागत नाही. गिऱ्हाइकालाही हे पटतं. थोडक्या पैशांत पाणी बदलण्याची कटकट वाचणार असेल तर कोणाला नको आहे? पण हा सौदा मुळातच खोटा आहे. तळाशी राहणारा कोणताही मासा किंवा श्रिंप टाकी साफ करत नाही. उलट टाकीतल्या घाणीची झळ सगळ्यांत आधी त्यालाच लागते. त्यामुळे या प्राण्यांना खरेदीच्या शेवटी वरकड म्हणून आणण्यात अर्थ नाही. पाळायचे तर तेच मुख्य रहिवासी धरावेत आणि टाकी त्यांच्या गरजांवरून, म्हणजे तळापासून वर आखावी.

क्लीनरची कल्पना दुकानदारांनी काढलेली नाही. ती काचेच्या टाकीइतकीच जुनी आहे. लंडनमधले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या मोठ्या भांड्यात पाणी, तळाला वाळू आणि दगड, दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची रोपं, एवढीच त्याची मांडणी. माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेतील, वनस्पतींनी सोडलेला ऑक्सिजन माशांना मिळेल आणि पाणी न बदलता दोघं जगतील, हा तर्क. सुरुवातीला जमलं. मग व्हॅलिस्नेरियाची जुनी पानं कुजू लागली, पाणी गढुळलं, काचेवर शेवाळ धरलं. तेव्हा वॉरिंग्टन यांनी डबक्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ खाल्लं, पाणी निवळलं, शिवाय त्यांची अंडी माशांना खायला मिळाली. तीनच वर्षांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, घराघरांत काचेच्या टाक्या आल्या, आणि ‘समतोल टाकी’ची ही त्रिसूत्री, मासा, वनस्पती आणि साफ करणारा जीव, हौशी मंडळींच्या डोक्यात घट्ट बसली.

वॉरिंग्टन यांचं निरीक्षण खोटं नव्हतं. पाणी खरोखरच निवळलं होतं. पण निवळ पाणी म्हणजे निरोगी पाणी नव्हे. माशांच्या टाकीतलं मुख्य विष डोळ्यांना दिसतच नाही. मासे शरीरातलं टाकाऊ नत्र मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. वॉरिंग्टन यांच्या भांड्यात तो साचला नाही. मोठ्या भांड्यात मासे दोनच होते, वनस्पती थोडा अमोनिया शोषून घेत होत्या, आणि बाकीचं काम वाळू, दगड व पानांवर वस्ती केलेले जिवाणू करत होते. या जिवाणूंचा पत्ता त्या वेळी कोणालाच नव्हता. १८७७ मध्ये श्लोसिंग आणि म्यून्त्स या फ्रेंच संशोधकांनी सांडपाणी वाळूच्या थरातून झिरपवून दाखवून दिलं, की अमोनियाचं नायट्रेटमध्ये रूपांतर करणारं काहीतरी जिवंत त्या वाळूत आहे. क्लोरोफॉर्मची वाफ दिली की हे रूपांतर थांबत असे. पुढचा दुवा गमतीचा आहे. वॉरिंग्टन यांचा मुलगा, त्याचंही नाव रॉबर्ट, इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात मातीतल्या नत्राचा अभ्यास करत होता. हे रूपांतर दोन टप्प्यांत होतं, आधी अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्राइटचं नायट्रेट, आणि दोन्ही टप्प्यांमागचे जीव वेगवेगळे असतात, हे त्याने दाखवलं. ते जीव वेगळे करणं त्याला साधलं नाही. ते १८९० मध्ये सर्गेई विनोग्राद्स्की यांनी केलं. बापाने गोगलगायींना दिलेल्या श्रेयाचा मोठा वाटा ज्यांचा होता, त्यांचा माग असा मुलाने काढला, आणि तोही माशांसाठी नव्हे, शेतीसाठी.

एकदा हा नत्राचा हिशेब मांडला, की क्लीनरच्या कल्पनेत काही उरत नाही. तळाशी पडलेला खाण्याचा तुकडा कुजला तर त्यातल्या नत्राचा अमोनिया होतो. तोच तुकडा कोरीडोरसने खाल्ला तर त्यातलं थोडं नत्र त्याच्या अंगी लागतं आणि बाकीचं कल्ल्यांवाटे पुन्हा अमोनिया होऊनच पाण्यात येतं. तुकडा दिसेनासा झाला म्हणून आपल्याला टाकी साफ झाल्यासारखी वाटते, इतकंच. आणि क्लीनरला वेगळं खाणं लागत नाही म्हणून सांगितलं तरी त्याचं पोट भरण्यासाठी आपण नकळत चार दाणे जास्तच टाकतो. साफ करणारा पाहुणा आणल्याने घाण करणारी तोंडं एकाने वाढली, हे साधं गणित. खरी सफाई करणारे जिवाणू स्पंजच्या छिद्रांत, वाळूच्या कणांवर, पानांच्या पाठीवर राहतात, त्यांना भरपूर ऑक्सिजन लागतो आणि नव्या टाकीत त्यांची वस्ती पक्की व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. नायट्राइटचं नायट्रेट करणारा जिवाणू म्हणून हौशी पुस्तकांत वर्षानुवर्षं नायट्रोबॅक्टरचं नाव छापलं जात होतं; गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम नायट्रोस्पिरा गटातले जिवाणू करतात, हे १९९८ मध्ये पुढे आलं. नाव कोणतंही असो, दुकानात ते पिशवीतून मिळत नाहीत. वाट पाहावी लागते.

क्लीनर म्हणून आणलेल्या जिवांचं पुढे काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. सकर हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला मासा. दुकानात तो बोटाएवढा असतो आणि वाढून फुटाच्या वर जातो. दोन फुटी टाकीत त्याला धड वळताही येत नाही. मोठेपणी त्याचं शेवाळातलं लक्ष उडतं, तयार खाण्यावर तो ताव मारतो आणि त्याच्या विष्ठेचे लांबलचक दोरे तळभर पडलेले दिसतात. मग एके दिवशी त्याला जवळच्या तलावात ‘जीवदान’ मिळतं. केरळ, तामिळनाडू, आंध्र आणि पश्चिम बंगालच्या पाण्यात आज सकर वाढतो आहे तो याच वाटेने आला. त्याच्या काटेरी कवचाने मच्छिमारांची जाळी फाटतात, किनाऱ्यात तो बिळं करतो, आणि बाजारात त्याला भाव नाही. चायनीज अल्गी ईटर या नावाने विकला जाणारा मासा लहानपणी शेवाळ खरवडतो, पण वयात आला की तापट होतो आणि चपट्या, संथ माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा बुळबुळीत थर खातो. याच्या अगदी उलट गत ओटोसिंक्लसची. चार सेंटिमीटरचा हा गरीब मासा खरोखरच शेवाळावर जगतो. पण बाजारातले बहुतेक ओटो दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतून पकडून आणलेले असतात, प्रवासात उपाशी राहिलेले असतात, आणि नव्याकोऱ्या लखलखीत टाकीत पडले की खायला काही न मिळाल्याने काही आठवड्यांत मरतात. म्हणजे ज्याला क्लीनर म्हणावं असा एकुलता एक मासा, तो टाकी स्वच्छ आहे म्हणूनच मरतो.

इथे एक आक्षेप न्याय्य आहे. श्रिंप शेवाळ खातात हे डोळ्यांना दिसतं. जपानी छायाचित्रकार आणि वनस्पतींच्या टाक्यांचे प्रवर्तक ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी १९८०च्या दशकात ज्या श्रिंपचा यासाठी वापर केला, ती तर आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मग क्लीनर म्हणजे थाप कशी? खरं आहे, अमानो श्रिंपचा कळप तंतूसारखं शेवाळ झपाट्याने फस्त करतो. पण अमानोंच्या टाक्यांत प्रकाश मोजून दिलेला असे, वनस्पती वेळच्या वेळी छाटल्या जात आणि पाणी ठरल्या दिवशी बदललं जाई. तिथे श्रिंपकडे शेवटचा हात फिरवण्याचं काम होतं. उन्हाच्या खिडकीत ठेवलेल्या, दिवसातून तीनदा खाणं पडणाऱ्या टाकीतलं शेवाळ हे जास्त प्रकाशाचं आणि साचलेल्या नायट्रेट-फॉस्फेटचं लक्षण असतं. तिथे वीस श्रिंप सोडल्या तरी कारण जागच्या जागी राहतं, आणि त्या पाण्यात पहिल्यांदा मरतात त्या श्रिंपच.

हे पहिल्यांदा मरणं तळाच्या जिवांच्याच वाट्याला का येतं? टाकीत टाकलेलं जे जे खाल्लं जात नाही ते खाली येतं. रंगीत खड्यांच्या फटींत ते अडकतं, कुजतं, आणि कुजवणारे जिवाणू तिथलाच ऑक्सिजन वापरतात. पाणी नीट फिरत नसेल तर ऑक्सिजनची पहिली टंचाई तळाला होते. वरच्या थरात टेट्रा मजेत पोहत असतात आणि खाली कोरीडोरसच्या मिशा झडायला लागलेल्या असतात. या मिशांवर चव ओळखणाऱ्या कळ्या असतात. अंधाऱ्या, गढूळ पाण्यात खाणं शोधण्याचं तेच त्याचं साधन. सडक्या तळाशी सतत टेकून त्यांना जिवाणूंचा संसर्ग होतो, त्या आखूड होत जातात, शेवटी खुंट उरतात. धारदार खडीमुळे मिशा झिजतात की घाणीमुळे सडतात, यावर हौशी लोकांत जुना वाद आहे. माझ्या मते दोष बहुतेक वेळा घाणीचा असतो, पण घाण अडकून राहते ती खडीच्या फटींत, तेव्हा खडीची त्यातून सुटका नाही.

कोरीडोरसचं शरीर पाहिलं तर तळ कसा हवा हे तेच सांगतं. पाच-सात सेंटिमीटरचा हा मासा पोटाने सपाट, अंगावर हाडांच्या पट्ट्यांच्या दोन ओळी, तोंड खाली वळलेलं. मऊ वाळू मिळाली तर तो नाक डोळ्यांपर्यंत तिच्यात खुपसतो, तोंडभर वाळू घेतो, त्यातले किडे आणि कण ठेवतो आणि वाळू कल्ल्यांतून सोडून देतो. खडीवर हे करणं त्याला शक्यच नसतं, म्हणजे खडीवरचा कोरीडोरस त्याच्या आयुष्यातलं मुख्य काम न करताच जगतो. त्याची दुसरी खुबी श्वासाची. मध्येच तो तीरासारखा वर जातो, हवेचा घोट घेतो आणि परत तळाशी येतो. ही हवा आतड्याच्या शेवटच्या, पातळ आणि रक्तवाहिन्यांनी भरलेल्या भागात शोषली जाते आणि उरलेली गुदद्वारातून बाहेर पडते. ऑक्सिजन कमी पडणाऱ्या पाण्यात तगण्यासाठीची ही सोय. अधूनमधून असं वर जाणं स्वाभाविक आहे. सगळा कळप मिनिटामिनिटाला वर धावू लागला, तर पाणी बिघडलं आहे असं समजावं. तिसरी गोष्ट सोबतीची. ब्राँझ कोरीडोरसच्या अभ्यासात संशोधकांना दिसलं, की हे मासे एकमेकांना अंगाने हलकेच स्पर्श करत, ढुशा देत कळपाची हालचाल जुळवतात. एकटा आणलेला ‘क्लीनर’ कोरीडोरस दिवसभर कोपऱ्यात का दबून बसतो, याचं उत्तर यात आहे. एकाच जातीचे सहा तरी असावेत. जाता जाता सांगायचं तर पेपर्ड कोरीडोरस या जातीचे नमुने बीगल जहाजावरच्या सफरीत खुद्द चार्ल्स डार्विनने गोळा केले होते आणि १८४२ मध्ये जेनिन्सने त्या जातीचं वर्णन केलं. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी कोरीडोरस ही प्रजाती अनेक प्रजातींत विभागली, पण दुकानात जुनं नावच चालतं आणि चालत राहील.

वाळूवरही आक्षेप घेतला जातो: ती दाबून बसते, आतला ऑक्सिजन संपतो, सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि मासे मरतात. चार-पाच इंच जाडीचा, कोणी न ढवळलेला थर असेल तर ही भीती अगदीच निराधार नाही. दोन-तीन सेंटिमीटरच्या थराला ती लागू पडत नाही. एवढी वाळू कोरीडोरस स्वतःच उकरत राहतात, कुली लोच तिच्यात शिरतात, वनस्पतींची मुळं तिच्यात ऑक्सिजन सोडतात. शिवाय वाळूचा खरा फायदा हा, की घाण आत न शिरता वर पडून राहते. नळी जराशी वर धरून फिरवली की ओढून घेता येते. वाळू कुठली, हे मात्र पाहावं. बांधकामावरची क्रश सँड दगड फोडून केलेली, कडांना धारदार असते, ती नको. कोकणातल्या किनाऱ्यावरच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तो विरघळून पाण्यातला चुना आणि पीएच वाढवतो. नदीची बारीक, गोल कणांची वाळू घ्यावी, पाणी निवळ निघेपर्यंत धुवावी आणि चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकून बघावं. फसफसली तर बाद.

श्रिंपची गोष्ट याहून नाजूक आहे. चेरी श्रिंप मूळची तैवान आणि चीनकडची, गोड्या पाण्यातच वाढणारी. मादी पोटाखाली तीन-चार आठवडे अंडी वागवते आणि बाहेर पडणारी पिल्लं थेट आईची छोटी प्रतिकृती असतात, म्हणून ती घरच्या टाकीत सहज वाढते. अमानो श्रिंपच्या अळ्यांना खारं पाणी लागतं, म्हणून तिची वीण टाकीत होत नाही. श्रिंप वाढते ती कात टाकून. जुनं कवच फाटतं, ती झटक्यात बाहेर येते, आणि नवं कवच टणक होईपर्यंत तिला लपायला जागा लागते. कवचाला कॅल्शियम लागतं, ते पाण्यातून आणि खाण्यातून येतं. म्हणून शुद्ध म्हणून आणलेलं नुसतं आरओचं पाणी श्रिंपला घातक. त्यात क्षारच नसतात. टाकलेली कात उचलून फेकू नये, श्रिंप ती खातात. तिच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं द्रव्य तांब्याचं असतं, आणि तरीही पाण्यात विरघळलेलं तांबं तिला अत्यल्प प्रमाणातही मारक ठरतं. रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेलं पाणी माणसाला हितकर म्हणतात. श्रिंपच्या टाकीत ते घालू नये. माशांच्या रोगांवरच्या काही औषधांतही तांबं असतं, तेव्हा बाटलीवरचा मजकूर वाचल्याशिवाय औषध टाकू नये. डासांवरच्या फवाऱ्यांतली पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशकं तर कवचधारी जिवांना माशांपेक्षाही जास्त बाधतात. फवारायचंच असेल तर एअर पंप बंद करून टाकी झाकावी, नाहीतर पंपच खोलीतली हवा पाण्यात ढकलतो.

श्रिंप दिवसभर काय टिपत असते? पानं, लाकूड, स्पंज यांवर जिवाणू, सूक्ष्म शेवाळ आणि बुरशीचा जो पातळ थर धरतो, तो तिचा मुख्य आहार. धुऊन पुसून चकचकीत केलेल्या टाकीत हा थर नसतो. तो वाढवण्याचा सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे देशी बदामाची वाळकी पानं. जगभरचे श्रिंप पाळणारे ही पानं पाकिटातून विकत घेतात. मुंबईत आणि कोकणात ती रस्त्यावर पायाखाली येतात. रहदारीपासून दूरच्या, फवारणी न झालेल्या झाडाखालची, आपणहून गळलेली तांबूस पानं धुऊन, वाळवून एक-दोन सोडली तर पाणी चहासारखं किंचित रंगतं आणि आठवडाभरात श्रिंप त्यांवर गोळा होतात. काकडीची किंवा दुधीची उकडलेली चकती अधूनमधून चालते, पण दुसऱ्या दिवशी उरलेली काढून टाकावी.

आता शांततेचा प्रश्न. ‘शांत मासा’ हा शब्द फसवा आहे. माशाच्या तोंडात जे मावतं ते तो बहुधा खातो, स्वभाव कसाही असो. कोरीडोरस आणि कुली लोच मोठ्या श्रिंपच्या वाटेला जात नाहीत, पण नुकतं जन्मलेलं पिल्लू समोर आलं तर ते वाचेल याची हमी नाही. ओटोसिंक्लस त्यातल्या त्यात सगळ्यांत निर्धोक. जावा मॉसचा दाट गुच्छ आणि पानांचा ढीग असेल तर पुरेशी पिल्लं वाचतात आणि वस्ती टिकते. वेगाने वाढणार नाही, आणि छोट्या टाकीत ते बरंच. एंजल, सिक्लिड, गोल्डफिश यांच्यासोबत श्रिंप ठेवणं म्हणजे त्यांना महाग खाऊ घालणं. कोरीडोरसही मोठ्या माशांसोबत नको: गिळला गेला तर त्याचे ताठ काटे गिळणाऱ्याच्या घशात रुततात आणि दोघेही मरतात. धोका उलट्या बाजूनेही येतो. घोस्ट श्रिंप म्हणून कधीकधी आपल्याकडच्या नद्यांतल्या लांब नांग्यांच्या कोळंबीची पिल्लं विकली जातात. ती मोठी झाली की रात्री झोपलेले लहान मासे धरतात. नांग्या लांब दिसल्या तर घेऊ नये.

सगळ्यांत वजनदार आक्षेप हवापाण्याचा. अॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा नागपूरच्या मे महिन्यात कसा जगायचा? पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० अंशांना सुमारे ७.६. त्याच वेळी माशाची आणि जिवाणूंची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. अमोनियाचंही तसंच. त्याचं विषारी रूप २५ अंशांना पीएच ७ असताना जेमतेम अर्धा टक्का असतं, पीएच ८ असेल तर पाच टक्क्यांच्या वर जातं, आणि उष्णतेने आणखी वाढतं. बोअरवेलचं क्षारयुक्त, पीएच चढलेलं पाणी वापरणाऱ्यांना म्हणून चुकीला वाव कमी. पण यावरून हे जीव पाळूच नयेत असं ठरत नाही. जात पाहून निवडावी, एवढंच ठरतं. पेपर्ड कोरीडोरस ला प्लाटा खोऱ्यातल्या थंड पाण्यातला. तो विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यासाठी नव्हे. स्टर्बाय कोरीडोरस २८ अंशांपर्यंत आरामात राहतो. चेरी श्रिंपला ३० अंशांच्या वर त्रास होतो. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-चार अंशांनी उतरतं. कोरड्या हवेत हा उपाय उत्तम चालतो, कोकणच्या दमट हवेत कमी. उडालेलं पाणी भरताना आरओचं भरावं, कारण वाफ जाते आणि क्षार मागे उरतात. वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप ही चैन मानू नये. कोरीडोरस हवा गिळून तग धरतील, श्रिंपना ती सोय नाही. नळाच्या पाण्यातला क्लोरिन तर अँटिक्लोरिनने उतरवायलाच हवा. पावसाळ्यात पालिका त्याचं प्रमाण बहुधा वाढवते.

मग आपलेच मासे का पाळू नयेत? प्रश्न रास्त आहे. सह्याद्रीच्या ओढ्यांत तळाच्या माशांची श्रीमंती आहे. पुण्याच्या नमुन्यांवरून फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये वर्णन केलेला इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी, कुली लोचचा गोव्याचं नाव लावणारा भाऊबंद पँजिओ गोएन्सिस, आणि झेब्रा लोच म्हणून परदेशी बाजारातही गाजलेला बोटिया स्ट्रायाटा, ज्याचं वर्णन नारायण राव यांनी १९२० मध्ये केलं आणि जो कोल्हापूर परिसरातही नोंदला गेला. पण हा शेवटचा मासा फक्त पश्चिम घाटातच सापडतो आणि आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘संकटग्रस्त’ आहे. ओढ्यांतून पकडून आणलेल्या झेब्रा लोचला घरात जागा देण्याचं समर्थन मला करता येत नाही. शिवाय तो गोगलगायी फोडून खाणारा, श्रिंपच्या मागे लागणारा मासा. या टाकीत तो बसतही नाही. ओढ्यातले लोच वाहत्या, गार, ऑक्सिजनने भरलेल्या पाण्याचे असतात, साचलेल्या कोमट टाकीत ते कोरीडोरसपेक्षा लवकर हरतात. देशी म्हणून सोपा, हे समीकरण इथे चुकतं. पैदास करून वाढवलेला परदेशी कोरीडोरस आणि चेरी श्रिंप हाच आज जास्त प्रामाणिक पर्याय.

आपल्याकडे टाक्या फुटांच्या मापाने मिळतात. दोन बाय एक बाय एक फुटांच्या टाकीत काठोकाठ भरली तर ५६ लिटर पाणी मावतं, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता पंचेचाळीसेक. तळाच्या जिवांसाठी उंचीपेक्षा हे दोन फुटी तळच महत्त्वाचं. उंच टाकी किंवा गोल भांडं त्यांच्या कामाचं नाही. वाळू, लाकडाचा एक तुकडा, जावा मॉस आणि स्पंज फिल्टर लावून टाकी मासे न घालता महिना-दीड महिना चालवावी, रोज चिमूटभर खाणं टाकून जिवाणूंना अमोनिया पुरवावा, आणि चाचणी संचात अमोनिया व नायट्राइट शून्य दिसू लागले की पाणी बदलून आधी दहा-बारा चेरी श्रिंप सोडाव्यात. श्रिंप महिनाभर तगल्या, कात टाकू लागल्या, की सहा कोरीडोरस. त्यांना दिवे मालवल्यावर बुडणाऱ्या गोळ्या घालाव्यात, वरून पडेल त्यावर ठेवू नये. आठवड्याला चौथाई पाणी बदलावं, स्पंज काढलेल्या पाण्यातच पिळावा, नळाखाली धरू नये. या टाकीत वर पोहणारा एकही मासा नसला तरी ती अपुरी नाही. हवाच असेल तर सात-आठ लहान रासबोरा सगळ्यांत शेवटी आणावेत. आणि कधी टाकी मोडायची वेळ आली, तर तिच्यातलं काहीही, मासा, श्रिंप, गोगलगाय किंवा वनस्पतीचं रोप, नदीत, तलावात किंवा विहिरीत सोडू नका. दुकानदाराला परत करा किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या.